रेलिंग

सियागंजात प्लास्टिकचे क्लॅम्प मिळतात, साठ रुपयांना जोडी.
घेऊ नका.
यदुकाकांनी घेतले होते. ऐन श्रावणात
(श्रावण ते पाळत नाहीत)
यशवंतसागरावर कुठल्याशा माशाने
काठी, रीळ आणि क्लॅम्पचा अर्धा जबडा
एका हिसक्यात नेला.
काका म्हणाले, मासा गेल्याचं काही नाही गं,
पण नट डोळ्यांदेखत सैल होत होता
आणि मी चहा ओतत होतो.

म्हणून या खेपेला मी.
सांवेर रोडच्या कारखान्यात बावीस वर्षं
दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग काढणारी मी
रविवारी व्हर्नियर घेऊन उकिडवी बसले
त्यांच्या नऊ हाती फायबरच्या होडीत.
पाइप पंचवीस मिलिमीटरचा, क्लॅम्प एक इंची.
फरक नखाच्या जाडीइतका.
तेवढ्या फटीतून काठी जाते.

पाइपलाच भोक मारू? रईस वेल्डरने विचारलं.
नको. भोकातून पाणी उतरतं,
आतून खात बसतं,
बाहेरून पाइप आपला चकाकतोच आहे.

मग सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली,
स्टीलचे दोन जबडे, चार बोल्ट,
कोनाकोनाने थोडा थोडा पीळ,
होल्डर मागे झुकवला, तीस अंश,
आणि रद्दीवाल्या बनेसिंगचा स्प्रिंगचा काटा
अडकवून ओढला.
आठ किलोला होल्डर फिरला.
सावकाश, झोपेत कूस बदलावी तसा.

पट्टी सोडली. बोटांना पांढरी भुकटी.
ट्यूबच्या पोटात शंखजिरं असतं,
चिकटू नये म्हणून कोणीतरी प्रेमाने भरलेलं.
साबणाने धुतली, वाळवली, पुन्हा गुंडाळली.
बारा किलो. होल्डर ढिम्म.
पण आता अख्खं रेलिंगच
हिरडीतल्या दातासारखं हललं.

रईस हसला. मी नाही.
रेलिंगच्या पायाखाली नुसते स्क्रू, फायबरमध्ये,
खाली धरायला काही नाही.
पत्रा हवा होता, न गंजणारा, तळहाताएवढा,
आणि रविवारी दुपारी दुकानं बंद.

काका घरी जाऊन ताट घेऊन आले.
बोलले काही नाही. पालथं करून दिलं.
मागे टिंबाटिंबांत कोरलेलं
सौ. तारामती य. सुळे
आणि खाली एक तारीख, मी जन्मायच्या आधीची.
मी म्हटलं, दुसरं एखादं बघा ना.
म्हणाले, जेवतो कोण आता त्यात, आणि जाडही आहे.
(जाड नव्हतं. दोन थर घालावे लागले.)

कात्रीने ताट कापताना येतो तो आवाज
मी इथे लिहीत नाही.
डाव्या पायाखाली सौ. तारा गेलं,
उजव्या पायाखाली मती.
वर सिलिकॉन, वॉशर, नायलॉनचे नट,
ते कापऱ्या होडीतही सुटत नाहीत.
मग काटा. बारा. पंधरा. अठरा.
बनेसिंगच्या काट्याची सुई संपली.

पुढच्या रविवारी गेलो.
काठी होल्डरमध्ये, तिच्या मुठीला दोरी,
दोरी रेलिंगला, कारण माझा कशावरही
पूर्ण विश्वास नाही.
काकांचे हात मोकळे झाले
आणि त्यांना कळेना, त्यांचं करायचं काय.
मांडीवर ठेवले. शेंगा सोलल्या.
मीठ शोधलं, ते घरीच राहिलेलं.

एक कोटरी लागली, बोटाएवढी. सोडली.
दुसरं काही लागलं नाही.

उतरताना मात्र त्यांनी रेलिंग धरून
एकदा जोरात हलवून पाहिलं,
गावाला निघताना कुलूप ओढून बघतात तसं,
आणि चिखलात पाय टाकला.